सोइचिरो होंडा : टिकाऊ इंजिनाचा ध्यास घेतलेला लोहारपुत्र

कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला असलेले बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात होते. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत आजही कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच बाजारात कानी पडतात. बिदरहून कलबुर्गीला थेट रेल्वे सुरू झाली ती २०१७ साली. तोपर्यंत आणि त्यानंतरही या काळ्या मातीच्या, तुरीच्या प्रदेशात माणसांचा खरा आधार राहिला तो सरकारी बसचा आणि दुचाकीचा. १९८५ नंतर या दुचाकीवर एक नाव वरचेवर दिसू लागले आणि पाहता पाहता ते खेड्यापाड्यांतील बोलण्यात मुरून गेले. गोव्यातही मागच्या सीटवर प्रवासी घेऊन धावणाऱ्या मोटारसायकल पायलटांना हे नाव परके नाही. ‘होंडा’ हे एका माणसाचे आडनाव आहे आणि तो माणूस जपानमधील एका खेड्यातल्या लोहाराचा मुलगा होता, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असते.

सोइचिरो होंडा यांचे चरित्र उद्योगपतीचे चरित्र म्हणून अनेकदा सांगितले जाते. त्यांच्या आयुष्याचा गाभा मात्र ताळेबंदात नाही. इंजिन किती जोरात पळते आणि किती काळ टिकते, या दोन प्रश्नांचा मेळ घालण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले. त्यासाठी त्यांनी जगातील सर्वांत कठीण शर्यती ही आपली प्रयोगशाळा मानली. त्या शर्यतींचे नियम वारंवार बदलले आणि प्रत्येक बदलाने त्यांना नव्याने विचार करायला लावले. एका बदलापुढे तर त्यांना स्वतःची सर्वांत आवडती कल्पना सोडून द्यावी लागली. त्यांचे मोठेपण त्यांच्या विजयांइतकेच या माघारीतही आहे.

होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ रोजी शिझुओका प्रांतातील हामामात्सुजवळच्या कोम्यो या गावी झाला. वडील गिहेई लोहारकाम करीत आणि पुढे सायकलींची दुरुस्तीही करू लागले. भाता, ऐरण आणि तापलेले लोखंड यांच्या सान्निध्यात मुलाचे बालपण गेले. गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा तो तिच्यामागे धावत सुटला आणि रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा वास त्याच्या मनात कायमचा घर करून राहिला. शाळेत त्याचे मन रमले नाही. १९२२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो टोकियोतील ‘आर्ट शोकाई’ या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवारीसाठी दाखल झाला. आरंभीचे दिवस मालकाचे मूल सांभाळण्यात आणि झाडलोट करण्यात गेले. हत्यारांना हात लावण्याची संधी मिळाल्यावर मात्र त्याने मागे वळून पाहिले नाही.

कारखान्याचे मालक युझो साकाकिबारा यांना शर्यतींची आवड होती. विमानाचे जुने कर्टिस इंजिन मोटारीच्या सांगाड्यावर बसवून त्यांनी एक शर्यतीची गाडी तयार केली. १९२४ मध्ये या गाडीने शर्यत जिंकली, तेव्हा चालकाच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसला होता तो तरुण सोइचिरो. १९२८ मध्ये हामामात्सुला परतून त्यांनी याच कारखान्याची शाखा काढली. पुढे स्वतः शर्यतीत उतरण्याचा मोह त्यांना आवरला नाही. १९३६ मध्ये तामागावा येथील शर्यतीत त्यांच्या भरधाव गाडीला अपघात झाला आणि त्यांचे धाकटे बंधू बेन्जिरो गंभीर जखमी झाले. चालक म्हणून त्यांची कारकीर्द लवकरच संपली. वेगाचा नाद मात्र सुटला नाही.

दुरुस्तीच्या धंद्यातून निर्मितीकडे वळण्याचा निर्णय घेतल्यावर त्यांनी निवड केली ती पिस्टनच्या रिंगची. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वरखाली होणाऱ्या पिस्टनभोवती ही धातूची पातळ कडी बसते. ती नीट बसली नाही तर जळत्या वायूचा दाब निसटतो, इंजिन तेल पिऊ लागते आणि लवकरच निकामी होते. वस्तू लहान दिसते, पण इंजिनाचे आयुष्य तिच्यावर अवलंबून असते. होंडा यांच्या पहिल्या रिंगा ठिसूळ निघाल्या. टोयोटा कंपनीने तपासण्यासाठी घेतलेल्या ५० रिंगांपैकी केवळ ३ कसोटीला उतरल्या.

आपल्या हातात कसब आहे, पण धातूचे शास्त्र आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांना या वेळी उमगले. वयाच्या तिशीत ते हामामात्सुच्या तंत्रविद्यालयात विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. आपल्या ओतकामात सिलिकॉनचे प्रमाण चुकत होते, हे त्यांना तेथे कळले. बिदरचा बिद्री कारागीर जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी जडवून किल्ल्याच्या मातीने त्याला काळा रंग चढवतो, तेव्हा धातूचे प्रमाण आणि मातीचा गुण त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून माहीत असतो. होंडा यांच्यामागे रिंगा घडवण्याची अशी परंपरा नव्हती. त्यांना ते ज्ञान शाळेत जाऊन मिळवावे लागले. परीक्षांना बसण्यात मात्र त्यांना रस नव्हता. पदविका न घेताच ते बाहेर पडले आणि त्यांच्या रिंगा टोयोटाच्या कसोटीला उतरू लागल्या.

दुसऱ्या महायुद्धाने हा व्यवसाय मोडून काढला. बॉम्बहल्ल्यांतून जे वाचले ते जानेवारी १९४५ च्या भूकंपाने पाडले. युद्धानंतर होंडा यांनी कंपनीतील आपला हिस्सा टोयोटाला विकला. १९४६ मध्ये हामामात्सुत एका साध्या शेडमध्ये त्यांनी नव्याने सुरुवात केली. लष्कराच्या बिनतारी संचासाठी वीज निर्माण करणारी छोटी इंजिने युद्धानंतर बेवारस पडली होती. ती त्यांनी सायकलींना जोडली. पेट्रोलची टंचाई होती, रेल्वेगाड्या खचाखच भरलेल्या असत. अशा काळात ही इंजिनाची सायकल हातोहात खपली. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगरापर्यंत पोहोचलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण मराठी वाचकाला येथे झाल्यावाचून राहणार नाही. सामान्य माणसाच्या रोजच्या गरजेतून यंत्र घडवायचे, ही दृष्टी दोघांमध्ये समान होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनीची रीतसर स्थापना झाली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा त्यांना येऊन मिळाले. होंडा यांनी कारखाना आणि संशोधन पाहायचे, फुजिसावा यांनी पैसा आणि विक्री पाहायची, अशी वाटणी ठरली आणि ती शेवटपर्यंत पाळली गेली. दोघांनीही आपल्या मुलांना कंपनीत वारसदार म्हणून आणले नाही. १९५८ मध्ये आलेली ‘सुपर कब’ ही फोर स्ट्रोक इंजिनाची छोटी दुचाकी या भागीदारीचे सर्वांत मोठे फळ ठरली. २०१७ पर्यंत तिचे उत्पादन १० कोटींवर गेले.

तत्पूर्वी, मार्च १९५४ मध्ये, होंडा यांनी एक धाडसी घोषणा केली होती. ब्रिटनजवळील आइल ऑफ मॅन बेटावरील ‘टीटी’ ही जगातील सर्वांत खडतर मोटारसायकल शर्यत जिंकायची, असा तो संकल्प होता. कंपनी त्या वेळी आर्थिक संकटात होती. त्याच वर्षी ते स्वतः बेटावर जाऊन आले. तेथील युरोपीय इंजिनांची शक्ती त्याच घनक्षमतेच्या आपल्या इंजिनांच्या सुमारे तिप्पट असल्याचे पाहून ते हादरले. परतताना त्यांनी तिकडच्या साखळ्या, टायर आणि कार्ब्युरेटर विकत घेऊन सोबत आणले. १९५९ मध्ये होंडाच्या दुचाकी प्रथम तेथे धावल्या आणि १२५ सीसी गटात सहावा, सातवा व आठवा क्रमांक मिळवून त्यांनी सांघिक पारितोषिक पटकावले. पहिला क्रमांक दूर होता, पण यंत्रे शेवटपर्यंत टिकली होती. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, १२५ आणि २५० सीसी या दोन्ही गटांतील पहिली पाचही स्थाने होंडाकडे गेली.

यानंतर त्यांची नजर वळली ती चारचाकींच्या सर्वोच्च स्पर्धेकडे, फॉर्म्युला वनकडे. तेव्हा होंडा कंपनी मोटारी बनवण्याच्या अगदी आरंभीच्या टप्प्यावर होती. त्या काळच्या नियमानुसार इंजिन दीड लिटरपेक्षा मोठे असून चालत नसे. इंजिन लहान असेल तर शक्ती मिळवण्यासाठी ते अधिक वेगाने फिरवावे लागते. होंडा यांनी दीड लिटरचे बारा सिलिंडरांत विभाजन केले आणि मिनिटाला सुमारे १२ हजार फेरे घेणारे इंजिन घडवले. मोटारसायकलींच्या शर्यतींतून शिकलेली ही विद्या होती. पण इतक्या वेगाने फिरणाऱ्या यंत्राचा प्रत्येक भाग झिजण्याच्या आणि तापण्याच्या सीमेवर असतो. ऑगस्ट १९६४ मध्ये जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या पहिल्याच शर्यतीत गाडी अखेरपर्यंत पोहोचली नाही. पुढच्या मोसमातही बिघाडांनी वारंवार पाठ धरली.

२४ ऑक्टोबर १९६५ रोजी मेक्सिको सिटीत या प्रयत्नांना यश आले. हे शहर समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असल्याने इंधन आणि हवा यांचे गणित बिघडते व इंजिने गुदमरतात. संघप्रमुख योशिओ नाकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणित नेमके जुळवले. रिची गिन्थर यांनी आरंभापासून अखेरपर्यंत आघाडी टिकवून होंडाला पहिला विजय मिळवून दिला. दीड लिटरच्या नियमाखालची ती शेवटची शर्यत होती. ज्या इंजिनाला पूर्णत्वाला नेण्यात दोन वर्षे गेली, ते दुसऱ्या दिवसापासून कालबाह्य झाले. १९६६ पासून तीन लिटरचा नियम लागू झाला.

नव्या नियमासाठी बनवलेले इंजिन शक्तिमान होते, पण गाडी फार जड झाली. १९६७ मध्ये जॉन सरटीस यांनी इटलीतील मोंझा येथे अगदी निसटता विजय मिळवला, हे खरे. पण होंडा यांचे चित्त एव्हाना दुसऱ्याच कल्पनेत गुंतले होते. इंजिन पाण्याने थंड करायचे आणि ते पाणी पुन्हा रेडिएटरमध्ये हवेनेच थंड करायचे, तर मधला हा पाण्याचा व्याप हवाच कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. रेडिएटर नको, नळ्या नकोत, गळती नको. दुचाकीच्या छोट्या इंजिनांबाबत हा विचार अगदी बरोबर होता. मोठ्या इंजिनात मात्र आतपर्यंतची उष्णता नुसत्या हवेने समप्रमाणात बाहेर काढणे दुष्कर होते. तरुण अभियंते हे सांगत होते. होंडा ऐकायला तयार नव्हते.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची गाडी १९६८ मध्ये तयार झाली. सरटीस यांनी ती चालवून पाहिली आणि ती शर्यतीसाठी तयार नाही, असा स्पष्ट निर्वाळा देऊन तिच्यात बसण्यास नकार दिला. तरीही ७ जुलै १९६८ रोजी फ्रान्समधील रुआं येथे ती उतरवण्यात आली. चालक होते जो श्लेसर. ओल्या रस्त्यावर, सुरुवातीच्या फेऱ्यांतच गाडी बांधावर आदळून पेटली. सांगाड्यात मॅग्नेशियम वापरलेले होते. हा धातू वजनाला हलका, पण एकदा पेटला की विझवणे महाकठीण. श्लेसर यांचा तेथेच अंत झाला. त्या मोसमाच्या अखेरीस होंडा कंपनीने फॉर्म्युला वनमधून माघार घेतली.

इतके होऊनही हवेच्या शीतनावरचा होंडा यांचा विश्वास ढळला नव्हता. १९६९ मध्ये बाजारात आणलेली ‘होंडा १३००’ ही मोटारही त्याच तत्त्वावर होती. ती जड आणि खर्चिक ठरली. याच सुमारास शर्यतीच्या मैदानाबाहेरचा एक नियम जगाच्या मोटारउद्योगावर येऊन आदळला. १९७० च्या अमेरिकी कायद्याने मोटारींच्या धुरातील घातक वायू काही वर्षांत ९० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन घातले. असा काटेकोर ताबा ठेवायचा तर इंजिनाचे तापमान स्थिर हवे आणि त्यासाठी पाणी हवे, हे अभियंत्यांना स्पष्ट दिसत होते. त्यांनी फुजिसावा यांच्याकडे धाव घेतली. फुजिसावा यांनी होंडा यांच्यापुढे पेच ठेवला. कंपनीत त्यांना अध्यक्ष म्हणून राहायचे आहे की अभियंता म्हणून, एवढेच त्यांनी विचारले. होंडा यांनी अध्यक्षपद स्वीकारले आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला मुभा दिली. ज्या विषयात आपल्याला सर्वाधिक कळते असे साऱ्या जगाला वाटत होते, त्याच विषयात त्यांनी धाकट्यांचे मत मानले.

त्या निर्णयातून १९७२ मध्ये ‘सीव्हीसीसी’ हे इंजिन जगापुढे आले. मुख्य ज्वलनकक्षाशेजारी एक छोटा कक्ष ठेवायचा, त्यात पेट्रोलचे प्रमाण अधिक असलेले मिश्रण पेटवायचे आणि त्या ज्योतीने मुख्य कक्षातील विरळ मिश्रण सावकाश, संपूर्ण जाळायचे, ही त्यामागील युक्ती होती. धूर शुद्ध करणारे वेगळे उपकरण न बसवताही ते अमेरिकी नियमाला उतरले. हे तंत्र वापरण्याचा परवाना ज्यांनी घेतला त्यांत टोयोटाही होती. एकेकाळी ५० पैकी ४७ रिंगा नाकारणाऱ्या कंपनीने आता त्याच माणसाच्या कारखान्यातील इंजिनाची विद्या मागून घेतली.

या यशात होंडा यांना आणखी एक धडा मिळाला. अमेरिकेच्या बड्या कंपन्यांना मागे टाकण्याची ही संधी आहे, अशा दृष्टीने ते या कामाकडे पाहत होते. त्यांचे तरुण सहकारी मात्र आपण हे कंपनीसाठी नव्हे, पुढच्या पिढीच्या हवेसाठी करीत आहोत, असे मानत होते. आपल्या मनातील हेतू त्यांच्यापेक्षा खुजा पडला, हे होंडा यांना जाणवले. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांनी आणि फुजिसावा यांनी एकाच वेळी निवृत्ती घेतली. त्यानंतर ते जपानभर फिरून कारखान्यांतील आणि दुकानांतील कामगारांचे प्रत्यक्ष आभार मानत राहिले. एका कामगाराने तेलाने माखलेला हात संकोचाने मागे घेतला, तेव्हा त्यांनी तो आग्रहाने हाती धरला, अशी हकिकत सांगतात.

१९८३ मध्ये होंडा कंपनी फॉर्म्युला वनमध्ये इंजिनपुरवठादार म्हणून परतली. तीन लिटरच्या नियमात एक पर्याय दडलेला होता. इंजिनात दाबाने हवा कोंबायची असेल तर ते दीड लिटरचे असावे, असा तो पर्याय होता. यातूनच टर्बो इंजिनांचे युग आले. शक्ती अफाट वाढली, तशी इंजिने फुटण्याचे प्रमाणही वाढले. नियंत्रकांनी मग इंधनाच्या टाकीवर आणि हवेच्या दाबावर मर्यादा आणल्या. १९८८ साली शर्यतीसाठी १५० लिटर इंधन आणि अडीच बार दाब एवढीच परवानगी उरली. १९८९ पासून टर्बोवर पूर्ण बंदी येणार होती. अनेकांनी टर्बोचा नाद आधीच सोडला. होंडाच्या अभियंत्यांनी मात्र एका वर्षापुरतेच आयुष्य असलेले नवे इंजिन घडवले. आयर्टन सेना आणि अलेन प्रॉस्ट यांच्या मॅक्लारेन गाड्यांनी त्या इंजिनावर १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. कमी इंधनात, कमी दाबात आणि न बिघडता शर्यत पूर्ण करणे हेच त्या यशाचे मर्म होते.

हुकलेली एकमेव शर्यत मोंझाची. तेथे प्रॉस्ट यांच्या इंजिनाने दगा दिला आणि शेवटच्या टप्प्यात आघाडीवर असलेल्या सेना यांची गाडी मागे पडलेल्या एका गाडीला धडकली. त्या गाडीचे चालक होते जाँ-लुई श्लेसर, वीस वर्षांपूर्वी रुआं येथे होंडाच्या गाडीत प्राण गमावलेल्या जो श्लेसर यांचे पुतणे. योगायोगाला अर्थ चिकटवू नये, हे खरे. पण शर्यतीचा इतिहास लिहिणाऱ्याला ही नोंद टाळता येत नाही.

याच दशकात होंडा यांचे नाव भारतात आले. १९८४ मध्ये पुण्याच्या फिरोदिया कुटुंबाने कायनेटिक होंडाचा करार केला आणि गिअर न बदलता चालणारी, बटणाने सुरू होणारी स्कूटर आली. १९८५ मध्ये हिरो होंडाची ‘सीडी १००’ रस्त्यावर उतरली. त्यापूर्वीच्या बहुतेक दुचाकी टू स्ट्रोक होत्या. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे, प्लग काळा पडे आणि तो रस्त्याच्या कडेला काढून पुसावा लागे. फोर स्ट्रोक इंजिनाने ही कटकट संपवली आणि थोड्या पेट्रोलवर पल्ला वाढवला. औरादच्या शिक्षकाला किंवा आळंदच्या शेतकऱ्याला आइल ऑफ मॅनची खबर नव्हती. पण ज्या गावाहून तालुक्याला दिवसातून एकदोनच बस येतात, तेथे पहाटे एका किकमध्ये सुरू होणारी गाडी ही चैन नसते. दवाखान्यात वेळेवर पोहोचणे त्यावर अवलंबून असते. शर्यतीच्या मैदानावर शिकलेल्या टिकाऊपणाची खरी परीक्षा अशा रस्त्यांवर झाली.

५ ऑगस्ट १९९१ रोजी टोकियोत होंडा यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी हंगेरीत सेना दंडाला काळी फीत बांधून शर्यतीत उतरले आणि जिंकले. मोटारी बनवणाऱ्या माणसाच्या अंत्ययात्रेने रस्त्यावर वाहतुकीचा खोळंबा व्हावा, हे होंडा यांना मान्य नव्हते. त्यांच्या इच्छेनुसार कंपनीने भव्य अंत्यसंस्कार केले नाहीत.

फॉर्म्युला वनचे नियम त्यांच्यानंतरही बदलत राहिले. आता एका चालकाला संपूर्ण मोसमात मोजकीच इंजिने वापरता येतात; मर्यादा ओलांडली की शर्यतीच्या आरंभी मागे उभे राहण्याची शिक्षा होते. २०१५ मध्ये परतलेल्या होंडाच्या इंजिनांनी या नियमाखाली वर्षानुवर्षे मानहानी सोसली आणि २०२१ मध्ये त्याच घराण्याच्या इंजिनावर मॅक्स व्हेरस्टॅपेन जगज्जेते ठरले. पिस्टनच्या ठिसूळ रिंगा घेऊन तिशीत शाळेत जाऊन बसणाऱ्या लोहारपुत्राने घालून दिलेली रीत त्यातही ओळखू येते : यंत्र मोडले की दोष नियमाला द्यायचा नाही, कोणता भाग का मोडला ते आधी पाहायचे.